मॅडमनी शिफारसपत्रात लिहिलेली चूक

काका, मॅडमच्या माहेरची मंडळी, कारखान्यातले सोबती, सोसायटीतले सगळे जण, मला सभेत बोलायची सवय नाही. त्यातून देसाई मॅडम 'होत्या' असं म्हणायचं. ते तोंडातून निघत नाही. सांभाळून घ्या.

मी मधुकर शिंदे. मूळचा साताऱ्याकडचा. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. एम.एस्सी. करून तुर्भ्याला रंगांच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलो. मॅडम लॅबच्या प्रमुख.

मला परदेशात संशोधनाचं काम हवं होतं. दोन वर्षं अर्ज करत होतो. नकार यायचा, नाहीतर काहीच यायचं नाही. एकदा मॅडमनी अर्ज वाचायला मागितला. मी लिहिलं होतं, मी मेहनती आहे, आज्ञाधारक आहे, मिळेल ते काम करीन. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मिळेल ते काम करणारी माणसं त्यांच्याकडे नाहीत का? घरचा माणूस सोडून तुला का बोलवायचं, ते लिही."

मग ड्युटी संपली की आम्ही बसायचो. एक लाल रंग उन्हात का उडतो, याचं कारण मी सहा महिने खपून शोधलं होतं. मला ते किरकोळ वाटायचं. मॅडमनी त्यावर माझ्याकडून पानभर लिहून घेतलं.

शिफारसपत्र त्यांनी स्वतः लिहिलं. त्यात लिहिलं, की या मुलाने एकदा रजिस्टरमध्ये चुकीचं रीडिंग लिहिलं, अख्खी बॅच वाया गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः येऊन सांगितलं. मी वाचलं आणि डोकंच फिरलं. मॅडम, एवढं काढा म्हणालो.

"ते काढलं तर माझी सहीही काढते."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पत्र मात्र तसंच पाठवलं.

जर्मनीहून कळवलं, फोनवर बोलू. आमच्या घरी फोन कुठला? मॅडमनी आपल्या घरी बोलावलं. काका, तुम्ही टीव्ही बंद केलात. शिटी होऊ नये म्हणून मॅडम कुकरखालचा गॅस बंद करून स्वयंपाकघरात बसून राहिल्या. तिकडच्यांनी लाल रंगाबद्दल विचारलं, मग त्या चुकीबद्दल. मी झालं तसं सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक रीडिंग दोघं बघतात, हेही सांगितलं.

नेमणूक आली. शिकवून तयार केलेला माणूस घालवला, म्हणून कारखान्याचे साहेब मॅडमना खूप बोलले. त्यांनी मला ते एका शब्दानेही सांगितलं नाही. मला कँटीनमध्ये कळलं.

आणि मी काय केलं? चार वर्षांत दोन पत्रं लिहिली. दोन.

गेल्या आठवड्यात जर्मनीहून आलो आणि हॉस्पिटलमध्ये मॅडमची माफी मागायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं. विचारलं, आपल्याकडून अर्ज येतात का रे तिकडे? येतात म्हटलं, ऑफिसात गठ्ठे असतात.

"वाचतं कोण?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. वाटलं, झोप लागली. मग अगदी हळू म्हणाल्या, "विचार एकदा."

ते आमचं शेवटचं बोलणं. रविवारी मी परत चाललोय. सोमवारी विचारणार आहे.

आता आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

मॅडम, येतो मी.