धुऱ्यावरची साधी कपाशी

(मोताळा तालुक्यातलं एक गाव. पेरणीचे दिवस. अंगणात बियाण्याची थैली उघडून शेषराव बसलेत. सोबत बायको रुखमाबाई आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी लेक राखी.)

शेषराव : ...न मागचं साल तू मले काय शिकवतं? संजीवनीचं लग्न झालं तेच साल, दोन हजार सतरा. इकडे तुह्या बहिणीचा मांडव उतरला न तिकडे बोंडात गुलाबी अळी निंघाली.

राखी : अन् थैलीत बीटीसंगं साध्या कपाशीचं छोटं पाकीट येते, त्याचं काय केलं?

शेषराव : फेकलं. दरसाल फेकतो. अळीले चाराले कोण पेरते?

राखी : अर्जुनकाका पेरत. वावराच्या चारी धुऱ्यांनी, बांधाबांधानं.

शेषराव : घ्या! आला अर्जुन! चुलतभाऊ नाही, जन्माची साडेसाती.

रुखमाबाई : तुम्ही वाण मातर भाऊजीचं पाहूनच आणत, न पाकीट फेकत. नक्कल केली ते बी अर्धीच.

शेषराव : तू चूप बस वं.

राखी : बाबा, धुऱ्यावर साध्या अळ्या जगतात. बीटीच्या पानाबोंडातलं विष पचवून एखादी वाचली, तर पतंग झाल्यावर तिची जोडी साध्याशी लागते, न पिलं विषानं मरतात. धुरा पेरलाच नाही, की वाचलेलीची जोडी वाचलेल्याशीच. मंग सारा वंशच तसा होते. हीच उत्क्रांती.

शेषराव : अर्जुनाचा शेखर बी हेच सांगे, चिखलीले अर्थशास्त्र शिकून आला तव्हा. बाजारात जो टिकला तोच लायक म्हणे. म्हणजे त्याचा बाप लायक न मी नालायक?

राखी : टिकली तर अळी बी. ती काय तुमच्याहून चांगली हाये? अन् अळी काही शिकत नाही, बाबा. मरते, नाही तर वाचते. दुकानदार शेजाऱ्याचं पाहून आपलं दुकान बदलते. माणसाले जितेपणी बदलता येते. शेखरदादा तेवढंच सांगाले इसरला.

शेषराव : मंग अर्जुनाचं पाकीट कोणत्या कामी आलं? त्याची बी कपाशी गेलीच ना!

रुखमाबाई : गेली, तुमच्या वावरातले पतंग उडून. न त्या रोजी तुम्ही एक भाकर जास्त खाल्ली. मीच थापली होती.

शेषराव : भूक लागली होती.

रुखमाबाई : हाव. दहा साल तशी नव्हती लागली.

राखी : अर्जुनकाकाचं वावर आता सोजराकाकू एकटीच करते. काल मले म्हणे, तुह्या बापाले म्हण, औंदा दोन्ही वावराच्या धुऱ्यावर साधी कपाशी पेरू. एकटीच्यानं अळी थांबत नाही. औंदा बी पीक गेलं तर वावर दुसऱ्याले मक्त्यानं देऊन शेखरदादापाशी जाईन म्हणते.

शेषराव : जाऊ दे.

रुखमाबाई : खरंच जाऊ देता?

शेषराव : लोक काय म्हणतील? जितेपणी त्याचं ऐकलं नाही, न आता त्याच्या मागं चालला.

राखी : म्हणू द्या.

शेषराव : तुले नाही समजत, पोरी. सकाळी उठलो की आधी त्याचं वावर पाहो, मंग माहं. आता बी पाह्यतो. पण तो तिथं नसते, न माहं वावर बरं दिसते का वाईट, तेच समजत नाही.

राखी : मंग पाकीट ठेवू का फेकू?

शेषराव : आण इकडे. अन् सोजराले सांग, उद्या धुऱ्यावर येतो. तिच्याआधी येतो म्हणाव.

रुखमाबाई : आता तिच्याशी बी शर्यत?

शेषराव : मंग कोणाशी लावू? अर्जुन गेला औंदाच, आखाजीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी.