तपासणीपुरतं उघडं

—नाही नाही, तिथे नका बसू मॅडम, ती जागा कोरडी दिसते, पण वळण आलं की छताच्या पत्र्यातलं पाणी बरोबर तिथेच पडतं, आणि त्याला पाणी तरी कशाला म्हणायचं, गंजाचा काढा आहे तो — या, इकडे या, ह्या बाकावर बसा, हा आज सकाळीच बसवलाय. तुमच्यासाठीच. लपवायचं काय त्यात? शेडमध्ये एक चांगला बाक ठेवलेला असतो, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून. तपासणीवाले येणार म्हटलं की चार बोल्ट आवळून डब्यात बसवायचा, ते गेले की काढायचा. अकरा वर्षं तोच बाक. तुमच्या आधी जे साहेब यायचे ना, ते ह्याच्यावर बसून ‘आसनव्यवस्था समाधानकारक’ असं लिहून जायचे — आणि खोटं कुठे होतं ते? त्यांचं आसन समाधानकारकच होतं की. बाकीच्यांच्या बाकांतून स्प्रिंगा वर आल्यात. मागच्या महिन्यात एका बाईचा कोट असा फाटला उभा, की ती उठली आणि अस्तर बाकालाच राहिलं. ती मला म्हणाली, हे काय आहे? मी म्हटलं, बाक आहे. दुसरं काय म्हणणार.

हसताय तुम्ही. हसा, शहर यायला दोन तास दहा मिनिटं आहेत अजून. ही गाडी आपली नाहीच मुळात, ठाऊक आहे का? दुसऱ्या कुठल्या तरी लाइनीवरून भंगारात काढलेली, तिकडच्या लोकांना नको झाली म्हणून इकडे आली — गावाकडच्या लाइनीला काय, चाललं की झालं. दोनच डबे, त्यातला मागचा कायमचा बंद. ही खिडकी सुतळीने बांधलीय, ती उघडीच राहते, ही उघडतच नाही. हीटर एकच चालतो, त्या कोपऱ्यातला, आणि तो असा चालतो की पोटरी भाजते आणि पाठ गारठते. तो धडधड आवाज ऐकताय? ते एक चाक घासून चपटं झालंय. पहिल्या महिन्यात डोकं उठतं, मग सवय होते — सवय होते हीच तर घाण आहे सगळी. पायाखाली बघा. तो पत्रा दिसतोय? त्याच्याखाली भोक आहे. वाकून बघितलंत तर रूळ दिसतील. मला किळस येते ह्या गाडीची. सव्वीस वर्षं ह्या लाइनीवर गार्ड आहे मी, आणि रोज सकाळी पायरीवर पाय ठेवला की तीच किळस येते. आणि तुमच्या त्या कागदावर काय आहे, चेहरे? हसरा, जरा कमी हसरा, रडका. किळस आलेला चेहरा नाही ना त्यात? मग माझं उत्तर तुम्ही लिहिणार कुठे?

ते पुढचं? हां, वाचा, वाचा ना — ‘प्रसाधनगृह: आहे, नाही.’ दोनच चौकोन. आहे की. ते काय समोर. जा, बघून या, उघडं आहे. नवा साबण आहे, टॉवेल आहे, बादली भरून ठेवलीय, जमीन मी स्वतः घासलीय पहाटे, ब्रश घेऊन, गुडघ्यावर बसून. ‘आहे’वर खूण करायला काहीच हरकत नाही. उद्या तुम्ही नसाल, तेव्हा कुलूप असेल. नाही, मी काही चिडून बोलत नाहीये. वस्तुस्थिती सांगतोय. सहा वर्षं कुलूप आहे त्याला. वरचा आदेश. वरचा म्हणजे — वरचा, कार्यालयाचा. कागद? कागद असेल की कुठेतरी. शेडमध्ये असेल. आमच्याकडे तोंडीच येतं सगळं, मॅडम, आम्हाला कोण कागद देतंय. सफाईवाला काढून टाकला त्यांनी, त्याची जागा भरली नाही, मग ते साफ कोण करणार? गार्ड? मी तिकिटं फाडायची, दारं लावायची, शिट्टी मारायची, म्हाताऱ्यांना उतरवायचं आणि शेवटच्या स्टेशनावर बाह्या वर करून ते धुवायचं? तुम्ही कराल? तुम्ही सांगा ना, कराल का? दुपारच्या उन्हात, पाणी नसताना, कुणीतरी केलेलं? पहिल्या आठवड्यात केलं आम्ही, मी आणि माझा जोडीदार — आम्ही दोघंच गार्ड आहोत इथे, आलटून पालटून. दुसऱ्या आठवड्यात जोडीदार म्हणाला, आपल्याच्यानं नाही व्हायचं, मी म्हटलं, थांब, आणि बाजारातून हे एवढं पितळी कुलूप आणलं, दोन चाव्या, एक त्याला एक मला, आणि संपला विषय. कुणी विचारलं तर सांगायचं, टाकी गळते.

हो. मीच आणलं. तुम्ही लिहिताय का ते? नका लिहू लगेच. आधी ऐका.

सहा वर्षांत कुणी तक्रार केली नाही, हे लक्षात घ्या. लोक शहाणे असतात. घरून निघताना पाणी पीत नाहीत. बायका तर चहासुद्धा घेत नाहीत, मला माहीत आहे, आमच्याच घरातल्या बायका. ज्याला नाहीच राहवत तो वाटेतल्या स्टेशनावर झाडामागे पळतो, मी एक मिनिट जास्त थांबवतो गाडी. तेवढी माणुसकी आहे अजून. आणि डब्यात कधी कुणाकडून काही झालंच, लहान पोराकडून, कुणी ओकलं-बिकलं, तर मागे भुशाची बादली असते, भुसा टाकायचा, झाडायचं. आम्हा गार्डांची एक सवय असते. तशा वेळी माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. जमिनीकडे बघून बोलायचं, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं, म्हणजे कुणा एकाला बोलल्यासारखं होत नाही. ही आम्ही दयाच समजतो. आणि मला तर तोंडं बघायची गरजही नसते, सव्वीस वर्षांत मी लोकांना पायावरून ओळखतो. कोण कुठल्या बुटात चढतं, कुठे उतरतं. खरंच सांगतो, तुम्ही पुढच्या वर्षी आलात तर ह्या चपलांवरून ओळखेन.

माझी ताई आहे एक. सख्खी, मोठी, माझ्याहून नऊ वर्षांनी. आईच्या जागी म्हणतात ना, तशी — आईला वेळच नव्हता, मला हिनेच न्हाऊ-माखू घातलं, माझं सगळं हिनेच काढलं लहानपणी, सगळं म्हणजे सगळं, कधी नाक मुरडलं नाही. पुढचं स्टेशन आहे ना, त्या गावात असते. तिचं हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साठतं. डॉक्टरांनी गोळी दिलीय पाणी उतरायची, सकाळी घ्यायची, आणि ती घेतली की दर अर्ध्या तासाने जावं लागतं. आणि दर गुरुवारी तपासायला जायचं शहरात. आता बघा ही गंमत. रस्त्याने जायचं तर तीन गाड्या बदला, तिला ते जमत नाही. म्हणून ही गाडी. दोन तास. आणि कुलूप. मग ती काय करायची, गुरुवारी गोळीच घ्यायची नाही. दवाखान्यात पोचून घ्यायची. डॉक्टर रागवायचे, पाय एवढे सुजून यायचे, पण ती कुणाला काही बोलली नाही. मला तर नाहीच नाही. तिला माहीत होतं ना कुलूप कुणी आणलं. मीच सांगितलं होतं, तिच्या घरी, जेवताना, हसत हसत. कसं एका दिवसात काम फत्ते केलं म्हणून. ती वाढत होती. आणखी भात वाढला तिने मला.

गुरुवारी जोडीदाराची पाळी असते, म्हणून आमची गाडीत गाठ पडायची नाही. पण एका आठवड्यात डॉक्टरांनी तिला मंगळवारी बोलावलं. आणि बजावलं होतं की ह्या वेळी गोळी घेऊनच ये. मला काहीच ठाऊक नाही. बाजाराचा दिवस, डबा खच्चून भरलेला, ती चढली कधी ते दिसलं नाही, तिचा पास असतो, तिकिटाला ती मला हाक कशाला मारेल? वळणाच्या पुढे एक जण म्हणाला, गार्ड, इथे ओलं आहे, पाणी नाही ते. मी बादली घेऊन आलो. मान खाली. बाकाखाली ओघळ आणि त्यात दोन बूट, पुरुषाचे, काळे, नाड्या सोडलेल्या. मला वाटलं कुणी म्हातारा आहे, किंवा पिऊन आलाय. आणि मी डब्याला ऐकवलं — शब्द न् शब्द आठवतोय — म्हटलं, ‘कुणाची ही घाण? लाज कशी नाही वाटत? पुसायला काय माझी आई येणार आहे?’ आणि ते बूट हलले. बूट भाऊजींचे होते. तिच्या चपला चढतच नव्हत्या सुजलेल्या पायांत. मी वर बघितलं. तिने पिशवी अशी पुढे धरली होती दोन्ही हातांनी, आणि माझ्याकडे बघितलं ना, ते परक्या माणसाकडे बघावं तसं. मुद्दाम. डब्यात माझी ओळख निघू नये म्हणून. म्हणाली, ‘माफ करा गार्डसाहेब, बरं नाहीये मला.’

आणि मी काय केलं माहीत आहे? भुसा टाकला. तिच्या पायाभोवती भुसा टाकला आणि पुढे गेलो. ताई म्हटलं नाही. आणि सांगू का, तुम्ही परक्या आहात म्हणून सांगतो, दोन स्टेशनांनी उतरून निघून जाल — मला त्या क्षणी किळस आली. गाडीची नाही, तिची. वास आला आणि मी तोंड फिरवलं. जिने माझं सगळं काढलं तिची. ती शिसारी अजून गेली नाहीये अंगावरून, फक्त आता ती माझी मलाच येते.

चार महिने झाले. तेव्हापासून ती जात नाही दवाखान्यात. मी घरी जातो, बसतो, चहा होतो, ती म्हणते, आता बरं वाटतंय मला, कशाला उगाच हेलपाटा. पाय पांघरुणाखाली ठेवते. भाऊजी म्हणाले, बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. दम लागतो. डॉक्टरांनी निरोप धाडला की आणखी उशीर केला तर मग येऊच नका. मग तुमचं पत्र आलं, गुरुवारी तपासणी. गुरुवार खरं तर जोडीदाराचा, मी मागून घेतला. भाऊजींना सांगितलं, तिला ह्या गुरुवारी आणा, गोळी देऊन आणा, उघडं असेल, मी स्वतः घासून ठेवतो. तिला नाही सांगू शकलो तोंडाने. म्हणून हा साबण. कार्यालयाकडून साबण येत नाही, मॅडम, तपासणीलासुद्धा. तो मी घरून आणलाय. आणि ह्या चांगल्या बाकावरून तुम्हाला मी आता उठवणार आहे, राग मानू नका, इथून ते दार सगळ्यांत जवळ आहे. तुम्ही बाईमाणूस आहात — ती चढली की तुम्हीच सांगा ना तिला, उघडं आहे म्हणून. सहज सांगितल्यासारखं.

आलं स्टेशन. वेग कमी झाला बघा. बसा, मी दारात जातो — तो माणूस दिसतोय ना टोपी घातलेला, ते भाऊजी. मागे असेल ती, बाकड्यावर. बसूनच राहते ती गाडी थांबेपर्यंत. आलोच.

…

नाही, बसा. बसा त्याच बाकावर, उठू नका.

नाही आली. घरीच आहे. आज गोळी घेतलीय म्हणे, सकाळी तयारही झाली होती, केस विंचरले, आणि मग दारातच बसली. भाऊजींना म्हणाली, गाडीपर्यंत तुम्ही जा आणि त्याला एवढंच विचारून या — पुढच्या गुरुवारी उघडं असेल का. असेल म्हणाला तर मी पुढच्या गुरुवारी येते. एका दिवसाचं मला नको.

मी काय सांगितलं? काय सांगितलं म्हणजे — ते फलाटावर उभे, माझ्या तोंडाकडे बघताहेत, माझ्या खिशात चावी, उद्या जोडीदार त्याची चावी घेऊन येणार, संध्याकाळी धुवायला मी एकटा, परवा मी, तेरवा मी — किती वेळ लागतो हो म्हणायला? शिट्टी वाजवली मी. वेळ झाली होती. ते तसेच उभे राहिले.

तुमचं पेन चालतंय ना? मग लिहा. ‘आहे’ लिहू नका, ‘नाही’ही नको. बंद आहे, लिहा. चौकोन नसला तर बाहेर लिहा, समासात. कार्यालयाने नाही, टाकी गळत नाही, गार्डने बंद केलं, कारण त्याला घाण वाटत होती, असं लिहा. माझ्या नावानिशी लिहा, पत्ता सांगतो. आणि वाचून दाखवू नका मला. पुढचं स्टेशन तुमचं आहे, पिशवी घ्या, दाराशी या. पायरी मोडलीय, बघून उतरा.