कागदावर सोळा

(जून २००३. मुळशी तालुक्यातल्या एका गावची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दोन दिवस. वर्गात वाल्मीक गुरुजी, समोर पोरांच्या बाकावर गेणबा, दाराशी त्याची बायको अनसूया.)

गेणबा : पुन्यांदा वाचा, गुरुजी. जरा सावकाश वाचा.

गुरुजी : कितीही सावकाश वाचलं तरी तेच येणार, गेणबा. कुमारी वैष्णवी. वडिलांचं नाव गेणबा. जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्त्याऐंशी. आकड्यात तेच, अक्षरात तेच.

गेणबा : म्हंजी आज तिला किती झाली?

गुरुजी : सोळा.

गेणबा : आन मी तिचा बाप आसून मला अठरा म्हायती. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीमागं झाली ती. भात झोडायचं चाललं व्हतं. मी खळ्यावरनं पळत घरी गेलो, पायाला पेंढा चिकटल्याला तसाच. ते काय मी सपनात बगितलं?

गुरुजी : तुम्ही बघितलं असेल. रजिस्टरनं नाही बघितलं.

गेणबा : हायस्कुलात गेलो व्हतो. तितं म्हनले, आमी काय केलं न्हाई, आमी प्राथमिकच्या दाखल्यावरनं उतरवलं. म्हंजी चूक तुमच्या शाळंची. खोडा आन नीट लिव्हा. खोडरबर हाय का न्हाई हितं?

गुरुजी : खोडरबर पोरांसाठी आहे. मला पुढच्या वर्षी पेन्शन आहे. ह्या रजिस्टरात एक आकडा खोडला, तर ती मला येरवड्याच्या तुरुंगात बसून घ्यावी लागेल.

गेणबा : मंग पाटलाला काय सांगू मी?

गुरुजी : कोणत्या पाटलाला?

गेणबा : पोराच्या चुलत्याला. वैष्णवीची सोयरीक जमलीया न्हवं का. चुलता पोलीस पाटील हाय त्यांच्या गावचा. म्हनला, पोरगी पसंत, घर पसंत, आषाढाच्या आत बार उडवून टाकू. फकस्त पोरीचा दाखला दावा. मी पोलीस पाटील, माझ्याच मांडवात कमी वयाची पोर उभी ऱ्हायली तर मला कोन सोडंल?

गुरुजी : शहाणा माणूस दिसतोय.

गेणबा : शहाना हाय म्हून तर घोळ झाला. मी छातीला हात लावून सांगितलं, अठरा पुरी झाल्यात. आन दाखला बगतो तर ही सोळाची. आता तो म्हनंल, ह्या मानसाला सोताच्या पोरीचं वय ठावं न्हाई, न्हाईतर हा लबाड तरी हाय.

गुरुजी : वैष्णवी काय म्हणते?

गेणबा : ती काय म्हनायची? एकाहत्तर टक्के पडलं म्हून घरभर नाचतिया. पौडला अकरावीला जायचं म्हनती. फारम आनून ठेवलाय.

गुरुजी : मुदत कधीपर्यंत आहे?

गेणबा : कुनाला ठावं.

अनसूया : उद्याच्याला. दुपारी बारापत्तोर.

गेणबा : हिला बरं ठावं.

गुरुजी : मग जाऊ द्या की पोरीला. एकाहत्तर टक्के म्हणजे खाऊ आहे का? आपल्या शाळेतून गेलेल्या मुलींत सगळ्यांत जास्त.

गेणबा : गुरुजी, तुमचं समदं खरं. पन खालचं रान कंपनीला गेलं. हात मोकळा हाय तवर लगीन उरकल्यालं बरं. रस्त्याकडंची मानसं बगतोय मी. रान इकलं, गाडी घेतली, माडी बांधली. दोन वर्सांत गाडी गेली, माडीला भाडेकरू आलं आन पोरगी तशीच घरात. मला तसं न्हाई करायचं.

गुरुजी : ह्यात तुमचं काही चूक नाही. बरं, त्या कंपनीत आपल्या गावचे किती लागले?

गेणबा : दोगं. आमचा भिवाजी आन वरल्या आळीचा एक. दोगंबी गेटावर.

गुरुजी : बघा. तुमचा भाऊ ज्या रानात भात लावायचा, त्याच रानाच्या गेटावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहितो.

गेणबा : लिव्हतो कुटं? त्येला कुटं लिव्हता येतंय. ती मानसं आपली आपनच लिव्हत्यात. ह्यो फकस्त वही धरून उभा.

गुरुजी : मग त्या वहीत वैष्णवीनं सही करून आत गेलेलं तुमच्या भावाला आवडणार नाही?

गेणबा : तुमी इषय बदलू नगा. तारखंचं बोला. मी सोता तिला हितं घेऊन आलो व्हतो नाव घालायला. नवं दप्तर, डोक्याला तेल. तुमी इचारलं, वय किती? मी म्हनालो, आठ. लख्ख ध्यानात हाय माझ्या.

गुरुजी : आठ? आणि आठव्या वर्षी पहिलीत का?

गेणबा : तिचा धाकटा भाऊ शंभू तान्हा व्हता न्हवं का. त्येला कोन बगनार? ही रानात, मी रानात. पोरगी घरी ऱ्हायली दोन वर्सं.

गुरुजी : थांबा. त्र्याण्णव सालचे प्रवेशाचे अर्ज ह्या पत्र्याच्या पेटीत असतील. वाळवीनं ठेवले असतील तर.

गेणबा : काढा. आज सोक्षमोक्षच लागू द्या.

अनसूया : आवो, कशाला त्या धुळीत... चला की घरी.

गेणबा : का? मला बघूच दे गुरुजींनी काय दिवे लावल्यात ते.

गुरुजी : सापडला. घ्या. वय, सहा वर्षं. जन्मतारीख, एक जून सत्त्याऐंशी.

गेणबा : एक जूनच कशी? माझी एक जून, भिवाजीची एक जून, आता हिचीबी एक जून. गावातल्या बाया काय एकाच दिवशी बाळंत व्हत्यात?

गुरुजी : ज्याला तारीख सांगता येत नाही त्याला एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे पोरगं त्या दिवशी सहा वर्षांचं भरतं. आमच्या आधीच्या गुरुजींनी तेच केलं, मीही तेच केलं. तारीख माझी, ते कबूल. वर्ष मात्र पालक सांगतील ते.

गेणबा : मी आठ सांगितलं.

गुरुजी : तुम्ही काहीच सांगितलं नाही. खाली बघा. पालकाची सही म्हणून अंगठा आहे. तुम्हाला तर सही येते.

गेणबा : मंग अंगठा कुनाचा?

गुरुजी : शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलंय. सौ. अनसूया.

गेणबा : न्हाई. मी आलो व्हतो. दप्तर, तेल...

अनसूया : दप्तर म्या शिवलं व्हतं खताच्या पोत्याचं. तुमी त्या दिवशी चाकणच्या बाजाराला गेला व्हता, बैल आनायला. दोन दिसांनी आला. बैल लई झ्याक व्हता.

गेणबा : बैल झ्याक व्हता, ते खरं.

अनसूया : मंग दुसरंबी खरं.

गेणबा : तू सहा सांगितलंस? इसरून?

अनसूया : इसरून कशापायी? पोटची पोर हाय. आठ व्हती ते मला ठावं न्हाई व्हय? रातभर इचार करून सहा सांगितलं.

गेणबा : आन गुरुजी, तुमाला आठातली पोर सहाची दिसली? डोळं कुटं गेलं व्हतं?

गुरुजी : डोळे जागेवर होते. मी म्हटलं, बाळ, डोक्यावरून हात घे आणि पलीकडचा कान धर. कानाला हात लागला की सहा झाली, असं आमचं माप. तर ही बया हात निम्म्यातच अडवून उभी. म्हणे, न्हाई पुरत.

अनसूया : म्याच शिकवलं व्हतं तिला. वाटभर शिकवत आनली. कान घावला म्हनू नगंस, थोडा लांबच ठेव.

गुरुजी : इतका लांब ठेवला, की सहा सोडा, चार वर्षांची वाटावी. आणि हसली तेव्हा वरचे पुढचे नवे दात चांगले पुरे आलेले. सहाव्या वर्षी कुणाचे येतात? तेवढ्यात माशी बसली म्हणून त्याच हातानं तिनं डोक्यावरूनच पलीकडचा कान खाजवला, वर हात कानाखाली मानेपर्यंतसुद्धा पोचला.

गेणबा : आन तरी तुमी लिव्हलंत.

गुरुजी : लिहिलं. आईच्या तोंडाकडे बघितलं आणि लिहिलं. म्हटलं, बाईला काहीतरी ठाऊक आहे. ही माझी लबाडी. सांगायची झाली तर पाटलाला माझंही नाव सांगा.

गेणबा : दोगं मिळून मला येडं केलं दहा वर्सं. हसू नगंस, अनसे. हसू नगंस म्हनतो ना.

अनसूया : तुमीबी हसताया.

गेणबा : मला त्या माशीचं हसू आलं. पन का केलंस गं? घरात मला इचारायचं तरी.

अनसूया : इचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हनला आसता. तुमी वंगाळ मानूस न्हाई. पन तुमच्यामागं तुमची आई, चुलतं, भावकी. पोर न्हातीधुती झाली की समदी म्हनली आसती, उजवा. म्हून कागदावरच बारकी करून ठेवली. मला लिव्हता येत न्हाई, पन एवढं कळतंय, कागुद कुनाचं ऐकत न्हाई. भावकीचंबी न्हाई.

गेणबा : आपलं काय वाईट झालं का? तुजं-माजं?

अनसूया : वाईट न्हाई झालं. पन माझा कागुदच नव्हता. कागुद नसला की बाईचं वय चार मानसं म्हनत्याल तेवढं. मी चवदाची व्हते. तुमच्या आईनं मांडवात समद्यांना सांगितलं, अठराची हाय. कुनी इचारलं न्हाई.

गेणबा : चवदा?

अनसूया : तिसरी पास झाले व्हते. चौथीचं पुस्तक आनल्यालं, ते तसंच ऱ्हायलं.

गेणबा : अक्षता पडायच्या आधी तू मांडवात झोपली व्हतीस. मी म्हनलं, दमली आसंल.

अनसूया : दमले व्हते. दोपारभर पोरींसंगं लगोरी खेळले व्हते.

गेणबा : चवदा. आन मला कुनी सांगितलंबी न्हाई.

अनसूया : मला अठराची केली, मी हिला सोळाची केली. माझं चुकलं आसंल तर बोला. पन मला लई आनंद वाटतुया, हे सांगून ठेवते. दहा वर्सं मनात धरून बसले व्हते. आज वाटतंय, जीव हलका झाला.

गेणबा : गुरुजी, कागदावर अठरा कदी भरत्याल?

गुरुजी : जून दोन हजार पाच. आणि गंमत बघा, बारावीची परीक्षा त्याच वर्षी मार्चमध्ये. निकाल लागेल आणि अठरा भरतील.

गेणबा : हे पन तू मोजलं व्हतंस?

अनसूया : बारावी असती हे तवा कुटं ठावं व्हतं? मला वाटलं, दोन वर्सं चोरली, जेवढं शिकंल तेवढं शिकंल.

गेणबा : पोराकडची मानसं थांबत्याल का दोन वर्सं?

गुरुजी : थांबली तर माणसं चांगली. नाही थांबली तर तुम्ही थोडक्यात वाचलात.

गेणबा : पाटलाला म्या काय सांगू पन? बायकूनं चोरली म्हनू?

गुरुजी : म्हणा, दाखल्यावर सोळा आहे. सरकारी कागद आहे. पोलीस पाटलाला एवढं पुरतं.

गेणबा : पौडला जायचं म्हंजी सकाळची एसटी. भाकरी बांधून द्यावी लागंल.

अनसूया : देते बांधून.

गेणबा : फारम कुटाय?

अनसूया : हा काय, माझ्या पिशवीत.

गेणबा : संगं घिऊनच आलीस? गुरुजी, बगताय का हिला? मी दाखला खोडायला निघालो आन ही फारम घिऊन माझ्या मागं. पेन द्या. सही कुटं करायची?

गुरुजी : इथं. पालक म्हणून. नीट करा, गिचमीड नको.

गेणबा : झाली. बास का? उद्या मीच नेतो तिला पौडला. ह्या खेपंला खराच नेतो. चल, अनसे, भाताची रोपं टाकायचीत. थांब. आन आपली धाकटी? आता चौथीत हाय ती. तिची किती वर्सं चोरल्यास?

अनसूया : तिची न्हाई चोरली. तिचं खरं वय घातलंय.

गेणबा : का? तीबी पोटचीच हाय की.

अनसूया : मला वाटलं, तिच्यापत्तोर लबाडी लागायची न्हाई.

गेणबा : ...न्हाई लागायची.