प्लग पांढरा पडलाय

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात रांग लागली होती. स्कूटरची केबल घ्यायला आलेल्या आजोबांच्या मागे दोघी बहिणी कुजबुजत होत्या. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

"ताई, चारला शर्यत! नवा सायलेन्सर, नवा एअर फिल्टर लावला आणि आपली एटीव्ही, चार जाड चाकांची धूड, चढावर खोकतेय!"

"खोकणारच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. हा स्पार्क प्लग बघ, कसा पांढराफटक पडलाय!"

"मग?"

"कार्बोरेटरचा जेट बदलायचा. मोठ्या भोकाचा घातला की पेट्रोल जास्त जाईल."

"सगळ्यात मोठाच घे!"

"अगं बये, काळा धूर ओकेल ती! एकेक नंबर वाढवायचा, चक्कर मारायची, प्लग बघायचा. तपकिरी झाला की थांबायचं."

"पावणेतीन वाजलेत!"

"तू चालव, मी बदलते. तीन जेट, तीन चकरा."

"पुरेल एवढा वेळ?"

"ही रांग लवकर सरली तर पुरेल."

"काय देऊ, आजोबा?" दुकानदाराने विचारलं.

"माझी केबल उद्या नेईन. आधी यांना जेट द्या, ओळीने तीन नंबरांचे. हात चालवा जरा!" मग आजोबा मागे वळले. "काय गं पोरींनो, शर्यत बघायला म्हातारं माणूस चालतं ना?"

"चढापाशी उभे राहा, आजोबा! पहिल्या आम्हीच दिसू!"