उजव्या पायातली घुंगरं

"कुणाला पटायचं नाही, पण पोलिसांची गोळी माझ्या पोराच्या घुंगरांवर आपटून परत फिरली!" परळच्या हॉस्पिटलाबाहेर, भेटीच्या रांगेत सीताराम पुढच्या बाईला सांगू लागला.

"घुंगरं बांधून मोर्चात? कमाल आहे, मामा!"

"संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा तो! लालबागच्या नाक्यावर मृदंग घुमला नि पोरांनी बाल्या नाचाचा फेरच धरला."

"मग पोरगा इथं कसा?"

"डावा पाय मुरगळला, बस्स. आमच्या नाचात घुंगरं एकाच पायात, उजव्या. तो पाय धडधाकट आहे, बाय. गणपतीत बघायला ये."

मागे उभी असलेली शेजारीण सुंदराबाई आता न राहवून बोलली,

"भावोजी, उजवा पाय सकाळीच कापला. कागदावर अंगठा तुम्हीच दिलात ना?"