कठडा डाव्या हाताला

तो : अगं, वळणावर क्लच दाबून ठेवू नकोस! गाडी मोकळी सुटते.

ती : सोडला. आणि तुम्ही तो पाय मागं घ्या. तिथं ब्रेक नाहीये, नुसतं पायपुसणं आहे.

तो : अठ्ठावीस वर्षं याच रस्त्यावर टुरिस्टची बस चालवलीय मी. पाय आपोआप जातो.

ती : आणि माझे पाय तीस वर्षं शिलाई मशीनवर होते. वळणावर टीप कशी घालायची ते मला नका शिकवू.

तो : झालं! चार महिन्यांचं लायसन्स आणि तोरा बघा. समोरून ट्रक येतोय, कडेला घे. आणखी. फांदी घासली तरी चालेल.

ती : घेतली. गेला ना ट्रक? सोडा आता श्वास.

तो : हे जंगल संपलं की फाटा लागेल. तिथून सरळ घरचा रस्ता धर.

ती : फाट्यावरून आपण दीपगृहाकडे वळणार आहोत.

तो : तीन झाली ना बघून? सगळी सारखीच. पांढरा खांब, वर दिवा.

ती : बघून माझी झाली. तुम्ही तिन्ही वेळा गाडीत बसून होतात.

तो : गाडी कोणीतरी सांभाळायला नको?

ती : बसमध्ये चाळीस माणसांचं सामान असायचं. हिच्यात काय आहे? एक पाण्याची बाटली आणि तुमची काठी.

तो : ड्रायव्हर खालीच थांबतो. तशी पद्धतच आहे.

ती : ड्रायव्हर मी आहे.

तो : बोल, बोलून घे. तो झटका आल्यापासून सगळ्यांनाच तोंड फुटलंय.

ती : फुटणारच. लेकीनं खिडकीपाशी खुर्ची लावून दिली, तिच्यात तुम्ही वर्षभर बसलात. गादी दोनदा शिवली मी त्या खुर्चीची. तिसऱ्यांदा शिवणार नाही, सांगून ठेवते.

तो : मग काय करू? डावा हात लोंबतो, डावा पाय फरफटतो. चारचौघांत तमाशा करून घेऊ?

ती : घ्या करून. काल मी दीपगृहावरून हात हलवला, तर खाली तुमच्या गाडीची काच बंद. शेजारी एक जोडपं होतं. ती पोरगी म्हणाली, काकू, फोटो काढू का तुमचा, एकट्याच आलात ना? मी हो म्हटलं. मला इतका राग आला तुमचा! आणि मग तिथंच रडू आलं.

तो : सांगितलं नाहीस.

ती : आता सांगितलं. हा आला फाटा. वळतेय मी.

तो : इंडिकेटर दे आधी!

ती : दिलाय.

(दीपगृहाच्या आवारात गाडी थांबते. दारात रखवालदार.)

रखवालदार : या, पण पटकन. बरोबर पाचला कुलूप लागतं. हे काय, काकासुद्धा वर जाणार?

ती : दोघंही.

रखवालदार : अहो काकू, शहाण्णव पायऱ्या आहेत. गोल जिना. कठडा एकाच अंगाला, चढताना डाव्या हाताला.

तो : ऐकलंस? डाव्या हाताला. चल, फिर माघारी.

ती : आणि उजव्या अंगाला?

रखवालदार : मधला खांब. गुळगुळीत आहे, धरायला काही नाही.

ती : मी धरीन यांना.

तो : पंच्याऐंशी किलो आहे मी. दोघंही गडगडत येऊ खाली.

रखवालदार : तेच म्हणतो मी. काही झालं तर उत्तर मला द्यावं लागेल. उतरायचं काही नाही हो, उतरताना तोच कठडा उजव्या हाताला येतो. पण उतरायला आधी चढायला नको का?

तो : थांब. काय म्हणालास?

रखवालदार : कुठं काय? उतरताना उजव्या हाताला येतो म्हटलं.

तो : मग उलटा चढतो मी. पाठ वर, तोंड खाली. रिव्हर्स.

रखवालदार : काका, थट्टा करताय का? असं कोणी चढत नाही.

तो : तोंड कुठं असावं ते नियमात लिहिलंय?

रखवालदार : तसं नाही लिहिलेलं, पण...

तो : समोरून ट्रक अडला की भरलेली बस दीड-दीड किलोमीटर मागं घेतलीय मी, एका बाजूला दरी असताना. जिन्याचं काय घेऊन बसलास!

ती : काठी द्या इकडे. मी तुमच्या खालच्या पायरीवर राहते, समोर.

तो : आणि पडलो तर?

ती : माझ्यावर पडा. पण चढा.

रखवालदार : बाबा रे, तुम्ही दोघं काही ऐकणार नाही. बरं, मी दारात थांबतो, मधे कोणाला सोडत नाही. पाचला हाक मारीन, तेव्हा मात्र खाली यायचं.

ती : उजवा पाय आधी. टाच लागली पायरीला?

तो : लागली.

ती : टेका. आता हातानं ओढा, डावा येऊ दे मागून. एक.

तो : मोजू नकोस. मोजलं की दमायला होतं.

ती : बरं. मनात मोजते.

तो : अशी काय बघतेस?

ती : मग कुठं बघू? समोरच आहात. पस्तीस वर्षं माझ्याशी बोलताना तुमच्यासमोर रस्ता असायचा, नाहीतर पेपर.

तो : भुवईवर हा व्रण कसला गं तुझ्या?

ती : थोरलीच्या वेळी न्हाणीत घसरले होते. तुम्ही फेरीवर होतात.

तो : म्हणजे तीस वर्षं झाली की!

ती : बत्तीस. पाय उचला.

तो : थांब. दम घेऊ दे.

ती : बसता का पायरीवर जरा?

तो : बसलो तर उठणार नाही मी. मला ठाऊक आहे मी कसा आहे ते. चल. उजवा.

ती : हं, आला. सावकाश.

तो : किती राहिल्या?

ती : मोजू नको म्हणालात.

तो : आता मोज.

ती : अकरा.

तो : अकरा ना? मग बघतोच.

ती : डोकं सांभाळा, दार ठेंगणं आहे. वळा आता. हळू. मी धरलंय. बघा.

तो : रस्ता कुठंय?

ती : कुठला?

तो : माझा. अठ्ठावीस वर्षांचा.

ती : त्या झाडांखाली असणार. वरून नाही दिसत.

तो : आणि एवढा समुद्र होता होय इथं? मला वळणं तेवढी ठाऊक.

ती : रडताय तुम्ही?

तो : रडतोय. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं असं नाही म्हणणार.

ती : रडा मग. मी आहे इथं.

रखवालदार : काकाऽऽ! पाच वाजले! उतरा खाली!

ती : चला, तो बोलावतोय खालून.

तो : थांब गं. जन्मभर मीच खाली उभा राहून हॉर्न वाजवत होतो, लोकांना उतरवायला. आज मला कोणी बोलावतंय. बोलावू दे अजून एकदा.