मोहाखाली बसलेली लाडकी

आम्ही मूळचे डहाणूकडचे, बाप दुसऱ्याच्या नारळाच्या वाडीत राखण करायचा, मी नर्सचं शिकले आणि नोकरी लागली ती थेट सिल्वासाला, पोर्तुगीज जाऊन फार वरसं झाली नव्हती तेव्हा, आणि आमच्या दवाखान्याच्या मागं मोहाची झाडं, काय सांगू तुम्हाला, फुलं गळायला लागली की अख्ख्या वॉर्डात गोड गुंगी भरायची, पेशंट झोपेत, आम्हीपण अर्ध्या झोपेत, सगळं पाण्याखाली चालल्यासारखं.

तर त्याच दिवसांत एक वारली बाई आली, खानवेलच्या जंगलातनं, नवऱ्यानं बैलगाडीत घालून आणलेली, दिवस भरलेले, मूल पोटात आडवं. डॉक्टर मुंबईचे, तरुण, हाताला गुण होता पण घाई फार. मोठ्या सिस्टरनी तिला धरून खाटेवर चढवली, पडदा नाही काही नाही, माणसं येतायत जातायत, आणि लुगडं वर केलं. ती अंग चोरायला लागली तर ओरडल्या, गप पड गं, जंगलात आहेस का तू? आम्ही पाणी तापवून येतो तर खाट रिकामी.

मी शोधत मागं गेले तर मोहाखाली बसलेली, कळा येतायत, फुलं अंगावर पडतायत, डोळे कुठं लांब लागलेले. अशी घरी गेली तर दोन्ही जीव जातील हे मला दिसत होतं. पण मी चल म्हटलं नाही, तिथंच मातीत बसले तिच्याजवळ. विचारलं, बाय, तुजा नाव काय? ती बघतच राहिली, मग म्हणते, लाडकी. मी म्हटलं, कोणाची गं लाडकी? तर हसली, कळेतच हसली, बापाची म्हणे. मग बहिणीला हाक मारावी तशी हळूच म्हणते, बेन, घरात मरेन, पण तिथं सगळ्यांसमोर उघडी नाय पडायची.

मी डॉक्टरांना तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता भडकणार. पण ते स्वतः उठून उन्हात आले, तिच्यासमोर उकिडवे बसले, म्हणाले, लाडकीबाय, चुकलं आमचं, तू सांगशील तसं करू, फक्त आत चल. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि उठायला हात पुढं केला.

आम्ही दोरीवर चादरी टाकून आडोसा केला, तिला खाट नको होती तर खाली चटई घातली. डॉक्टर पोटाला हात लावायच्या आधी विचारायचे, लावू का बाय? ती मान हलवायची, मगच लावायचे. हळूहळू, हळूहळू मूल फिरवलं त्यांनी, आणि ऊन कलता कलता मुलगी झाली, रडली, हां, चांगली खणखणीत रडली. मोठ्या सिस्टरनीच पोर पुसून तिच्या कुशीत दिली, आणि तिच्या कपाळाचा घाम स्वतःच्या पदरानं टिपला.

आता मी इथंच सिल्वासात, डोकमर्डीला लेकाकडं असते, दुपारचा डोळा लागला की एक वॉर्ड दिसतो, लांबच लांब, नदीसारखा, बाया खाटांवर बसून गप्पा मारतायत, कोणाला काही दुखत नाही. जाग येते तर नात पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत असते, तीपण ह्याच कामाला लागलीय. मी म्हणते, जा माझे बाय, तुझा हात कोणावर जड पडू नये, आणि दमून घरी येशील तेव्हा तुलाही कोणी जवळ घेणारं असू दे.